इंजीन गिळलेला कॉड

"तुमचा कुणाचाही विश्वास बसायचा नाही," असं म्हणून अँब्रोज टिझर्डनं डोक्यावरची लोकरी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि तिच्यावर पंजा दाबून धरला. हात सुटला तर टोपीच उठून खरं काय ते सांगून टाकील, अशा धास्तीनं. "पण ऐकायचं असेल तर ऐका. आमच्या खाडीतल्या एका कॉड माशानं माझ्या होडीचं इंजीन गिळलं होतं. बंद नव्हे, चालू इंजीन."

समोरच्या खुर्चीत विणत बसलेल्या बाईनं सुया थांबवल्या नाहीत.

"गिळलं असेल," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं आमची अख्खी गाडी गिळली, दारूच्या गुत्त्यात बसून. कॉडचं काय घेऊन बसलात! पुढं?"

बाईचं नाव जेराल्डीन. लॅब्राडोरहून विमानानं आली होती, पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन. मुलगी आत डॉक्टरीणबाईंकडे होती आणि आई बाहेर एकच मोजा विणत, उसवत, पुन्हा विणत बसली होती. कोण कशासाठी आलंय हे इथं कुणी कुणाला विचारत नसे. सेंट जॉन्सच्या त्या मुलांच्या इस्पितळात हात मोडलेली, ताप भरलेली पोरं खालच्या मजल्यांवरूनच परत जात. वरच्या मजल्याच्या टोकाला एक दार होतं. त्यावर पाटी नव्हती, नुसता एक पफिन पक्षी रंगवला होता, नारिंगी चोचीचा. कुणा मोठ्या माणसानं ज्यांच्या अंगाशी नको ते केलं, ती मुलं त्या दारातून आत येत.

अँब्रोजची नात मार्नी त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ टेकून. नऊ वर्षांची. खुर्च्या रिकाम्या होत्या, गुबगुबीत होत्या, पण पाठीमागं मोकळी जागा राहील अशा ठिकाणी ती हल्ली बसत नसे. स्वेटरच्या बाहीचं टोक तिनं चावून चावून दोरीसारखं केलं होतं.

गोष्ट तिनंच मागितली होती. मघाशी आजोबाची बाही ओढून, वर न बघता ती म्हणाली होती, "आजोबा, इंजिनाची सांग ना."

पानगळ सरली, बर्फ पडला, खाडी गोठली, आता बर्फ सुटायलाही लागला होता, आणि एवढ्या दिवसांत अँब्रोजनं एकही थाप मारली नव्हती. थापा मारण्यात आपल्या कॅप्लिन आर्म गावापासून पार टोकाच्या दीपगृहापर्यंत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या धुक्यात लोक खिळे ठोकून कोट अडकवत. त्याच्या थंडीत शब्द तोंडातून निघता निघता गोठत, आणि मे महिन्यात ते वितळले की हिवाळ्यातली सगळी भांडणं गावाला एकदम ऐकू येत. असा माणूस मुका झाला, तर लोकांनी काळजी करायची. लोकांनी काळजी केली नाही. लोक म्हणाले, आता कसा गप्प बसलाय, बघा.

त्याचं कारण होता ईलाय क्रॉकर.

ईलाय म्हणजे त्याचा होडीतला जोडीदार. दोघांची उभी हयात एका होडीत गेली. कॉडची मासेमारी सरकारनं बंद केली तेव्हा दोघं एकाच धक्क्यावर बसून एकाच बाटलीतून रडले. पुढं खेकड्यांवर दिवस काढले, तेही एकत्र. अँब्रोजची प्रत्येक थाप एकाच वाक्यावर येऊन टेकायची. "खोटं वाटत असेल तर ईलायला विचारा." आणि ईलाय तोंडातला पाईप काढून, मान हलवून, पाद्र्यासारख्या आवाजात म्हणायचा, "मी होतो तिथं. शब्द न् शब्द खरा." की सगळी खाडी पोट धरून हसायची.

ईलाय घरचाच. कडी न वाजवता स्वयंपाकघरात यायचा, स्वतःच्या हातानं चहा ओतून घ्यायचा. अँब्रोजची मुलगी लोरेटा अल्बर्टात तेलाच्या खाणीवर होती. बरेच दिवस तिकडं, मग थोडे दिवस इकडं. मार्नी आजोबाजवळ असायची. आजोबा गावात गेला, तर ईलाय असायचाच की घरात.

पानगळीत एका संध्याकाळी मार्नीनं आईला फोनवर सांगितलं. थोडक्या शब्दांत, नाव घेऊन. लोरेटा मिळेल त्या विमानानं आली. पोलीस आले. आणि आठवड्याच्या आत गावात तोंडातून तोंडात ते वाक्य फिरलं. ते अँब्रोजला प्रथम ऐकू आलं दुकानात, पिठाच्या पोत्यांपलीकडून.

"टिझर्डची नात आहे बाबा ती. थापा रक्तातच आहेत."

कुणी हसलंही. वाईट हसू नव्हतं ते. अँब्रोजच्या नावाबरोबर लोकांना हसायचीच सवय होती.

शाळेत ते मार्नीच्या कानावर कुणी घातलं, कोण जाणे. पुढच्या खेपेला बाई कॉन्स्टेबल घरी आली, तेव्हा मार्नी टेबलावरच्या मेणकापडाकडे बघत म्हणाली, "मी थाप मारली. आजोबा मारतो तशी."

लोरेटा तिथल्या तिथं खाली बसली. अँब्रोज बाहेर गेला. करवत घेऊन धक्क्यावर उतरला आणि होडीतली पुढची फळी, जिच्यावर ईलाय बसायचा, ती त्यानं कापून काढली. रात्री चुलीत घातली. ओलं लाकूड होतं. नुसता धूर झाला.

त्यानंतर हे इस्पितळ. खाडीपासून इथवर दिवसभराची वाट, रस्त्यात मूस हरणं आडवी यायची, धुकं यायचं, तरी लोरेटा नेमानं गाडी हाकायची. इथल्या डॉक्टरीणबाई हात लावायच्या आधी दर वेळी विचारायच्या, "इथं लावू का हात? नको म्हणालीस तर नको." पहिल्या दिवशी मार्नी प्रत्येक गोष्टीला नको म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी हात खिशात घातले आणि तासभर तिच्याशी सीलच्या पिल्लांवर गप्पा मारल्या. दुसऱ्या खेपेला मार्नीनं कान तपासू दिले. मग घसा. हळूहळू बाकीचं. अंगाची काळजी होती ती मिटली. झोप थोडी आली. आंबवलेल्या पिठाचे टूटन तळले आणि वर काकवी ओतली, तर एखादा खायलाही लागली. आतल्या खोलीत ती चित्रं काढायची, वाळूत घरं करायची. त्या गोष्टीबद्दल मात्र चकार शब्द नाही.

ईलायला पोलिसांनी तूर्तास खाडीच्या पलीकडं, बहिणीकडे राहायला लावलं होतं. आज ती कॉन्स्टेबल सेंट जॉन्सला आली होती आणि पलीकडच्या खोलीत लोरेटाजवळ बसली होती. मार्नी आजही बोलली नाही, तर 'थाप मारली' हेच तिचं शेवटचं बोलणं धरून कागद पुढं जाणार होते. मग ईलाय परत येणार. त्याचं घर अँब्रोजच्या घराच्या खालच्याच अंगाला होतं. धक्का तर दोघांत एकच.

हे सगळं सकाळी चहाच्या यंत्रापाशी बर्नाडेटनं त्याला नीट समजावून सांगितलं होतं. बर्नाडेट म्हणजे इथली मुलांशी बोलणारी बाई. मूळची सदर्न शोअरची, कोळ्याच्या घरातली, तोंडानं फटकळ. इस्पितळात ती सगळ्यांशी मऊ बोलायची, फक्त अँब्रोजशी गावच्यासारखी, होडीच्या मालकाला म्हणतात तसं 'स्किपर' म्हणून.

"स्किपर, एक गोष्ट पाळायची," ती म्हणाली होती. "त्याचं नाव तुमच्या तोंडून निघता कामा नये. तिच्यासमोर तर नाहीच नाही."

"मी कशाला माझं तोंड विटाळून घेऊ?"

"शिवी द्यायलासुद्धा नाही. द्यायचीच असली तर खाली गाडीत जाऊन द्या. काचा लावून घ्या. उद्या त्याचा वकील उभा राहील आणि म्हणेल, नाव म्हाताऱ्यानं पोरीच्या तोंडात घातलं."

"आणि म्हातारा म्हणजे खाडीतला पहिल्या नंबरचा थापाड्या."

यावर बर्नाडेटनं चहा ढवळला. खोटं कशाला बोलायचं?

"तिला कुणी विचारायचं नाही, सुचवायचं नाही, डोळ्यांनीसुद्धा," ती म्हणाली. "यायचं असलं तर तिचं तिला येईल."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर नाही येणार. आम्ही गळ टाकून ओढत नाही हो, स्किपर. ती जेवली, झोपली, उद्या पुन्हा कुणाच्या तरी शेजारी न घाबरता बसली, तर माझं काम झालं. पोलिसांचं काम निराळं आहे."

"आणि माझं?"

"तुमचं काम आज गप्प बसायचं. जमेल का?"

"जन्मात कधी जमलं नाही."

"मग वेगळं काहीतरी बोला."

म्हणून आता टोपीवर पंजा ठेवून तो वेगळं काहीतरी बोलत होता.

"इंजीन म्हणजे जुनं, ठोक्याचं. पुट, पुट, पुट, पुट," अँब्रोज म्हणाला. "त्याचा ठोका माझ्या हृदयाला लागून होता. त्या दिवशी दर्यावर बशीत दूध ठेवावं तसं पाणी. आम्ही... मी गळ टाकून बसलो होतो. आणि बघतो तर काय, होडीखालून एक काळं येतंय. मला वाटलं ढगाची सावली. वर बघितलं, आभाळ स्वच्छ."

"देवमासा," जेराल्डीन म्हणाली.

"बाई, देवमासा असता तर मी कशाला सांगितलं असतं? देवमासे आम्ही कुत्र्यांसारखे हाकलायचो. कॉड! त्याच्या हनुवटीची मिशी माझ्या वल्ह्याएवढी. तो आला, त्यानं होडीचं बूड हुंगलं आणि आ करून खालच्या खालून इंजीन उपटून घेतलं. फळ्यांसकट. होडीला हे एवढं भोक."

"आणि होडी बुडली नाही?"

"मी त्या भोकावर बसलो ना."

जेराल्डीनच्या सुया थांबल्या. ती हसली नाही, पण नाकातून जरा वारा गेला. आतल्या दाराकडे तिची नजर जाऊन आली आणि मोजा पुन्हा सुरू झाला.

"मग?"

"मग काय! इंजीन चालूच होतं की. माशाच्या पोटात पुट, पुट, पुट. कल्ल्यांतून धूर. आणि त्याला आवरेना. शेपूट हलवायच्या आधीच तो पुढं जायचा. खाडीला चकरा मारायला लागला. धक्क्यावरच्या बायकांना वाटलं, टपालाची बोट आली. पोस्टमास्तर टोपी घालून बाहेर येऊन उभा."

मार्नीनं बाही तोंडातून काढली होती. अँब्रोजनं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि मान मात्र वळवली नाही. रानातला ससा जवळ येऊन बसला की वळायचं नसतं, तसं.

तो आता वेग घेत होता. थापेचं असं असतं, ती उताराला लागली की माणसानं फक्त लगाम धरायचा. पण ही थाप कधी एका माणसाची नव्हतीच. जिथं जिथं पाय टाकावा, तिथं ईलाय आधीच बसलेला. धूर पाहून 'अँब्रोज, चर्चला आग लागली रे' म्हणणारा ईलाय. पोस्टमास्तरला हात करणारा ईलाय. गोष्ट इतकी वर्षं सांगून सांगून त्याच्या खुणा तिच्यात रुतून बसल्या होत्या, आणि अँब्रोज त्या एकेक उपटत चालला होता. वाक्यं लंगडी व्हायला लागली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि बर्नाडेट आली. मार्नीला न्यायची वेळ झाली होती. म्हाताऱ्याचा हात हवेत होता, ते पाहून ती दारातच थांबली, दाराच्या मुठीवर हात ठेवून. तिनं भुवई वर केली. अँब्रोजनं डोळ्यांनीच सांगितलं, नाव नाही घेतलं बाई, अजून नाही.

"मी काय केलं," तो म्हणाला, "जाडजूड दोर घेतला, त्याला होडीच्या नांगराचा गळ बांधला, वर खारवलेल्या डुकराच्या मांसाचा गोळा लावला, आणि तो मासा पुढच्या फेरीला जवळून गेला तसा दिला टाकून. त्यानं घेतला. आणि लागला पळायला, इंजिनासकट! दोर माझ्या दोन्ही हातांत. पंजांची सालं निघाली. हे बघा." त्यानं जेराल्डीनला तळहात दाखवले. तळहातांवर खरेच जुने वण होते, दुसऱ्याच कुठल्यातरी दोराचे. "एका बाजूला मासा ओढतोय, एका बाजूला खडक. दोर सोडला तर मासा गेला. होडी वळवली नाही तर आपण खडकावर. म्हणून होडी वल्हवत, वल्हवत, खडकाच्या कडेकडेनं..."

"थांबा," जेराल्डीन म्हणाली.

"काय झालं?"

"तुमचे दोन्ही हात दोराला."

"दोन्ही."

"आणि बूड त्या भोकावर."

"मग? पाणी कोण अडवणार?"

"मग वल्ही कोण मारत होतं?"

थाप पकडायला लोक नेहमीच टपलेले असतात, आणि अँब्रोजजवळ नेहमी एकाऐवजी दहा उत्तरं तयार असत. सीलनं मारली. वाऱ्यानं मारली. बायकोच्या आत्म्यानं मारली. त्यातलं कुठलंही चाललं असतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं होडी उभी राहिली, तिच्यातली पुढची फळी जागच्या जागी होती, आणि तिच्यावर, वल्ही हातात घेऊन, पाईप दातांत धरून जो बसला होता, तो हलेना. अँब्रोजची टोपी मुठीत चुरगळली गेली.

जेराल्डीन वाट बघत होती. तिला खरंच उत्तर हवं होतं असं नाही. तिला आतल्या दाराकडे बघायचं नव्हतं, एवढंच.

"मीच," अँब्रोज म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "मी एकटाच होतो होडीत. मीच मारत होतो."

"खोटं."

आवाज खालून आला होता. मोठा नव्हता. अँब्रोज वळला नाही, पण त्याची मान ताठ झाली.

मार्नी उभी राहिली. भिंत सोडून ती दोन पावलं पुढं आली होती. तिच्या मागं आता नुसती मोकळी फरशी होती. ती आजोबाच्या तोंडाकडे बघत होती, हिवाळाभर तिनं असं कुणाकडे बघितलं नव्हतं.

"तुझा खांदा निखळतो," ती म्हणाली. "तुला वल्ही मारताच येत नाहीत. आई लहान होती तेव्हापासून येत नाहीत. आई म्हणते."

"अगं, त्या दिवशी..."

"नाही. तू एकटा नव्हतास." तिचे ओठ कोरडे पडले होते. तिनं बाही तोंडाकडे नेली आणि अर्ध्यावरून खाली आणली. "ईलाय होता. ईलाय वल्ही मारत होता. तू दर वेळी सांगतोस, आणि आज तू त्याला काढून टाकलंस."

जेराल्डीनच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा घरंगळत गेला. तो उचलायला कुणी वाकलं नाही. दारात उभ्या बर्नाडेटचा चेहरा होता तसाच राहिला. ती पुढं आली नाही, काही विचारलं नाही.

अँब्रोजला काहीतरी म्हणायचं होतं. हो म्हणायचं होतं, नाही म्हणायचं होतं, पोरीला उचलून घ्यायचं होतं. त्यातलं काय करायची परवानगी आहे, ते त्याला आठवेना. तो टोपी धरून नुसता बसून राहिला.

"तो होता तिथं," मार्नी म्हणाली, आणि तिनं मान वळवून एकेकाकडे पाहिलं. जेराल्डीनकडे, बर्नाडेटकडे, मग पुन्हा म्हाताऱ्याकडे. "खोटं तू बोलतोयस, आजोबा. मी नाही बोलले."